तंत्रज्ञाची गुजगोष्ट

संगणकाच्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेला एखादा गृहस्थ फावल्या वेळी लेखणी उचलतो आणि आपल्या हातातील मोबाईलविषयी, घरातच थाटलेल्या कचेरीविषयी, अपरात्री येणाऱ्या निरोपांविषयी, महाजालाने माणसांच्या स्वभावात घडविलेल्या फरकाविषयी दोन-चार पाने लिहितो, असा एक लेखनप्रकार अलीकडे मराठीत चांगलाच स्थिरावला आहे. दिवाळी अंकांत त्यास जागा मिळते, त्याची पुस्तके होतात, आणि सुशिक्षित कुटुंबांतून ती आवडीने वाचली जातात. त्यास शास्त्रीय लेख म्हणावे तर त्यात शास्त्र बेताचेच. ललित निबंध म्हणावे तर लेखक स्वतःस साहित्यिक म्हणवून घेण्यास संकोचतो. ह्या दोन दगडांवर पाय ठेवून उभ्या असलेल्या प्रकाराची कसोशीने परीक्षा झालेली आमच्या पाहण्यात नाही. ती व्हावी इतके ह्या लेखनात सत्त्व आहे, म्हणून हा प्रयत्न.

ह्या प्रकाराची वंशावळ शोधण्यास फार लांब जावयास नको. प्रा. ना. सी. फडके ह्यांनी ज्याला ‘गुजगोष्ट’ म्हटले, आणि खांडेकर, काणेकर प्रभृतींनी ज्याला लघुनिबंध ह्या नावाखाली आपापले वळण दिले, त्याच घराण्यातले हे अपत्य आहे. एखादी क्षुल्लक वस्तू घ्यावी, तिच्याशी जरा लडिवाळपणे खेळावे, आणि बोलता बोलता वाचकास एखाद्या विचारापाशी आणून सोडावे, ही त्या घराण्याची रीत. आजचा तंत्रज्ञ छत्री किंवा चष्मा ह्यांच्या जागी मोबाईल घेतो, इतकेच. सुरातली ती जवळीक, स्वतःस थोडेसे हसून घेण्याची ती लकब, तीच ती सुखवस्तू विषण्णता, सारे ओळखीचे आहे.

परंतु एक भेद आहे, आणि आमच्या मते साऱ्या परीक्षणाचे बीज त्यात आहे. छत्रीवर लिहिणारा निबंधकार छत्र्या करीत नव्हता. काडी मोडली म्हणजे तोही आपल्यासारखाच भिजत घरी जाई. तंत्रज्ञाचे तसे नाही. ज्या वस्तूविषयी तो लिहितो ती त्याच्या समव्यवसायी मंडळींनी, क्वचित त्याने स्वतः, घडविलेली असते. आत कोठला पेच आहे, तो तसा का ठेवला, त्यापासून कोणाचा फायदा झाला, हे त्यास ठाऊक असते. म्हणजे तो ह्या व्यवहारातला साक्षीदार आहे. असे असता तो निबंधात प्रवेश करतो तो रसिकाच्या वेषाने. आणि साक्षीदाराने रसिकाचा वेष घेतला की वाचकाने थोडे सावध व्हावे.

गुण आधी सांगितले पाहिजेत. आपल्या वाङ्मयात शेतकऱ्याचे, गिरणीकामगाराचे, मास्तराचे, कारकुनाचे काम वर्णिलेले आहे. ज्या कामाचे फळ डोळ्यांस दिसत नाही, ज्यात दिवसभर एका पडद्यासमोर बसून दुसऱ्या कोणाच्या तरी चुकलेल्या तर्काचा माग काढावयाचा असतो, त्या कामाचे अंतरंग मराठीत प्रथम ह्या लेखकांनी आणले. ही लहान गोष्ट नव्हे. आज आंबेगाव-जुन्नरकडच्या कितीतरी घरांतली मुले पुण्यास हिंजवडीच्या बाजूस नोकरीला आहेत. घोडेगावात कोणी त्यांच्या आईस विचारले, ‘मुलगा काय करतो?’, तर ‘कंपनीत आहे’ एवढ्यावर ती माउली थांबते. कारण पुढचे तिला कोणी समजावून सांगितलेलेच नसते. २०२० सालच्या टाळेबंदीत अशी मुले संगणक काखोटीस मारून गावी परतली, ‘रेंज’ शोधीत गच्चीवर बसली, आणि ज्या कामावर घर चालते ते काम घरच्यांनी प्रथम जवळून पाहिले. पाहिले, पण समजले असे नाही. तासन् तास कोणाशी तरी इंग्रजीत बोलणे, मधूनच वैतागणे, जेवण थंड होऊ देणे, एवढेच दिसले. आईबाप आणि मुले ह्यांमधील ही दरी लहान नाही. ती सांधण्याचे सामर्थ्य ह्या लेखनप्रकारात आहे, आणि म्हणूनच त्याच्या उणिवा आम्हांस अधिक बोचतात.

उदाहरणार्थ श्री. अच्युत गोडबोले ह्यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र घ्यावे. सोलापूरहून मुंबईच्या आय. आय. टी.त रसायन अभियांत्रिकी, तेथून शहाद्याच्या आदिवासी चळवळीत, त्यापायी तुरुंगात, आणि पुढे मोठमोठ्या संगणक-कंपन्यांच्या प्रमुखपदी, असा विलक्षण प्रवास त्यात आहे. पुस्तक वाचकास ओढून नेते ह्यात शंका नाही. तथापि शहाद्याच्या भागात कोण राबतो आणि राबणाऱ्याच्या हाती काय पडते, हा जो प्रश्न लेखकाच्या डोळ्यांसमोर लखलखीत उभा असतो, तो संगणक-व्यवसायाच्या भागात मागे सरतो आणि धडपड व यश ह्यांची हकीकत पुढे येते, असे आम्हांस वाटले. ह्यात लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. हा त्या लेखनप्रकाराचाच ओढा आहे. इतक्या अनुभवी लेखकासही तो ओढतो, तर इतरांची काय कथा?

तो ओढा कोणता, हे आता सांगावयास हवे. ह्या निबंधांत सामान्यतः दोनच पात्रे असतात, ‘मी’ आणि ‘जग’. मी मोबाईल दूर ठेवून पाहिला, मला शांत वाटले, जग मात्र धावतच आहे. मी व जग ह्यांच्या मध्ये जे गाव, कचेरी, दुकान, बाजार असते, ते गळून पडते. ते गळाले की तंत्राचा विचार केवळ सोय आणि मनःशांती ह्या दोन मापांनी होऊ लागतो. अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधनशाळेतील मार्क वायझर ह्या शास्त्रज्ञाने १९९१ साली एका लेखात असे ध्येय मांडले होते की, संगणक इतका अंगवळणी पडावा की तो आहे ह्याचे भानही राहू नये. ही कल्पना ह्या निबंधकारांस फार प्रिय झाली आहे. परंतु दिसेनासे कोणाला व्हावयाचे? यंत्राला, की यंत्रामागे राबणाऱ्याला? गंमत अशी की, खुद्द महाजालाचा जन्म ह्याच्या उलट चिंतेतून झाला. जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत माणसे येत आणि जात; कोणी काय केले ह्याची माहिती त्यांच्याबरोबर निघून जाई; ती टिकावी कशी, ह्या कचेरीतल्या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला. कामाचा माग राहावा ही मूळ प्रेरणा होती.

आता हाच निबंध घोडेगावी बसून वाचावा. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठाणे. ज्या गावाचे नाव तालुक्यास आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कागदोपत्री नाव राहिले आणि कारभार घोड नदीकाठच्या ह्या गावातून चालतो. पूर्वेस बागायती मुलूख, पश्चिमेस भीमाशंकराकडे चढत जाणारा भातशेतीचा आणि हिरड्याचा डोंगराळ मुलूख. दोहोंकडील माणूस कागदासाठी येथेच येतो. आणि त्या कागदाचे नाव काय? सातबारा. गाव नमुना क्रमांक सात, हक्काची नोंद. क्रमांक बारा, पिकांची नोंद. दोन छापील तक्त्यांचे क्रमांक जोडून झालेला हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की कर्जमाफीची मागणी करणारा ‘सातबारा कोरा करा’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यास त्यात अंकगणित दिसत नाही. यंत्र अंगवळणी पडणे म्हणजे काय ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी सुचत नाही. मात्र आमच्या तंत्रज्ञ-निबंधकारांच्या यादीत तो नाही, कारण त्याला वीज लागत नसे.

आता लागते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ही सोय खरी आहे. ज्याने उताऱ्यासाठी तीन-तीन खेपा घातल्या आहेत तो तिला नावे ठेवणार नाही, आणि आम्हीही ठेवीत नाही. परंतु पुढील पायरी पाहावी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. पूर्वी बारा नंबरच्या नमुन्यातील पिकाची नोंद करावयाचे काम तलाठ्याचे असे. तो बांधावर येई किंवा न येताच लिही, तो भाग निराळा. पण काम त्याचे होते, त्याचा पगार त्यास मिळे, आणि चूक झाली तर बोल त्यास लागे. आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून ती नोंद करावयाची. ह्यात लाभ आहे. नोंद खरी होते, शेतकरी स्वतःच्या पिकाचा साक्षी होतो. तथापि काम नाहीसे झालेले नाही. ते कचेरीतून उठून शेतात गेले. सरकारी पगारावरून बिनपगारी झाले. आणि चुकीचा बोलही त्याच्याबरोबर स्थलांतर करून गेला. ज्या म्हातारीस मोबाईल चालविता येत नाही तिचे काम तिचा नातू करतो, नातू नसेल तर शेजारी करतो. विम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या वेळी नोंद नसेल, तर ‘तुम्ही केली नाही’ हे उत्तर तयार असते.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, तंत्रज्ञाने आपल्या प्रत्येक गुजगोष्टीत एक साधा प्रश्न विचारावा: हे काम पूर्वी कोण करीत होता, आणि आता कोण करतो? सोय ह्या शब्दाने हा प्रश्न झाकला जातो. ज्याची सोय झाली तो निबंध लिहितो. ज्याच्याकडे काम गेले तो लिहीत नाही.

हा प्रश्न मराठीस परका नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. म्हणजे ज्या यंत्रणेविषयी ते लिहीत होते तिच्या आतले. गावचा सुतार, लोहार, चांभार, कुंभार काय करतो, त्याबद्दल त्यास काय मिळते, कोणता हक्क कोणावर बसतो, खळ्यावरून धान्य घरी येईपर्यंत त्यात किती हात पडतात, हे त्यांनी हिशेबी बारकाईने टिपले. नांगर-मोटेचे कौतुक करून ते थांबले नाहीत. त्यांचे काही निष्कर्ष आज पटणार नाहीत, काही जातींविषयीचे त्यांचे बोलणे आज खटकते आणि खटकावे. परंतु आपल्या खात्याच्या दप्तरातून उठून वस्तू, काम आणि मोबदला ह्यांची सांगड घालणारा असा लेखक आपल्याकडे होऊन गेला आहे. आजच्या तंत्रज्ञाची जागा तंतोतंत आत्र्यांची आहे. तोही आतला आहे. दप्तर त्याच्याही हाताखाली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल की, तुम्ही निबंधास गॅझेटियर करू पाहता. गुजगोष्टीचा हलकेपणा, तिची मोकळी चाल मारता. हा आक्षेप वाजवी आहे. गुजगोष्ट तक्रार-अर्ज झाली तर वाचणार कोण? परंतु नेमकेपणाने हलकेपणा मरतो हे आम्हांस मान्य नाही. रेशन दुकानातला प्रसंग पाहावा. तेथील यंत्रावर अंगठा ठेवावयाचा असतो. भाताची लावणी, दगडमाती, विळा-कोयता ह्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. अंगठा उठत नाही. मग बोट पदराला पुसणे, डोक्याला घासून थोडे तेल लावणे, दुसरे बोट, तिसरे बोट. मागे रांग. त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा नियमांत आहेत, परंतु त्या नियमांच्या पुस्तकातून रांगेपर्यंत पोचावयास वेळ लागतो. आणि ह्या साऱ्यावर एक नवे वाक्य मराठीत रुळले आहे: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे वाक्य जे काम करी तेच हे करते. फरक एवढाच की, साहेब केव्हातरी दौऱ्यावरून परत येतात हे माणसास ठाऊक असे. येथे विनोद आहे, करुणा आहे, भाषेचे निरीक्षण आहे. निबंधास आणखी काय हवे? ज्याने अंगठ्याची ती पडताळणी कशी चालते हे धंद्यात शिकले आहे, तो हा प्रसंग लिहील तर जे लिहील ते कोणा कादंबरीकारास साधणार नाही. झिजलेला अंगठा यंत्रास का ओळखता येत नाही, आणि चूक कोणत्या बाजूची मानावी हे कोणी व केव्हा ठरविले, हे तोच सांगू शकतो.

असे लेखन होऊ शकते ह्याचे एक उदाहरण घोडेगावाच्या शेजारीच आहे, जरी ते इंग्रजीत आहे. मंचरवरून नारायणगावास गेले आणि खोडदच्या रस्त्याला लागले की, ४५ मीटर व्यासाच्या पांढऱ्या जाळीदार तबकड्या दिसू लागतात. अशा ३० तबकड्या. १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकीच्या तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या. सर्वांचा विस्तार सुमारे २५ किलोमीटर. ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप ७ सप्टेंबर २०२० रोजी निवर्तले, आणि त्यांचे आत्मकथन २०२१ साली खगोलशास्त्राच्या एका वार्षिकात प्रसिद्ध झाले. ललित लेखन म्हणून ते लिहिलेले नाही, आणि अलंकार शोधणाऱ्याची तेथे निराशा होईल. पण त्या आयुष्याची हकीकतच अशी की ती वस्तूंवाचून सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ कामातून गेलेल्या ३२ लहान तबकड्या भारतास मिळतात; १९६५ साली कल्याणजवळ त्यांची पहिली दुर्बीण होते; मग उटीस डोंगराचा उतार असा निवडला जातो की ५३० मीटर लांबीच्या दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर यावा; आणि शेवटी खोडदला पोलादी दोरखंडांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी ताणून तबकडी इतकी हलकी केली जाते की वारा तीतून निघून जातो आणि खर्च आवाक्यात राहतो. येथे प्रत्येक कल्पनेस वजन आहे, किंमत आहे, जागा आहे. गरिबीतून आलेली युक्ती ही अशीच सांगावी. तिचे तत्त्वज्ञान करावे लागत नाही.

ह्याच दुर्बिणीच्या परिसरात एक गोष्ट तंत्रज्ञ-निबंधकारांनी यावे आणि पाहावी अशी आहे. आकाशातून येणाऱ्या ज्या अत्यंत क्षीण लहरी ती टिपते, त्यांच्या मानाने आपला मोबाईल, त्याचे मनोरे, विजेच्या तारांवरील ठिणग्या म्हणजे निव्वळ गोंगाट. ज्या मनोऱ्यासाठी डोंगरातले गाव वर्षानुवर्षे अर्ज करते, तोच मनोरा ह्या शास्त्रज्ञांस अडथळा. दोघांचेही खरे आहे. ‘तंत्रज्ञानाने जीवन कसे बदलले’ ह्या ठराविक मथळ्याखाली ही गोष्ट बसत नाही. पण ‘कोणाचे काम कोणाच्या कामास आडवे येते’ असे विचारले की लगेच बसते.

आणखी एक उणीव सांगून हे परीक्षण आवरते घेतो. ह्या निबंधांत तंत्र म्हणजे नवे तंत्र असा एक अलिखित नियम दिसतो. डेव्हिड एजर्टन ह्या इंग्रज इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ दि ओल्ड’ ह्या पुस्तकात ह्या समजुतीचा चांगला समाचार घेतला आहे. तंत्राचा इतिहास शोधांवरून लिहू नये, वापरावरून लिहावा, असा त्याचा आग्रह. आपल्याकडे एस.टी.ची गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर प्रथम धावली. तिच्या तांबड्या डब्यावर हळवे गद्य पुष्कळ लिहिले गेले. परंतु वेळापत्रक, थांबे, मुक्कामी गाडी, वाहक-चालकांची पाळी ह्या सर्वांची मिळून जी एक जाळी महाराष्ट्रावर पसरलेली आहे, तिचा जाळी म्हणून विचार झालेला क्वचितच दिसतो. ३० जुलै २०१४ च्या पहाटे ह्याच आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगास, माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गावातून कोणताही निरोप बाहेर गेला नाही. निरोप देणारेच उरले नव्हते. नेहमीच्या फेरीवर त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकाने पाहिले की गाव होते तेथे चिखल आहे, आणि त्याने बाहेर कळविले, तेव्हा जगास समजले. तो काही शोधावयास गेला नव्हता. पावसात, त्या वेळेस, त्या रस्त्याने गाडी नेणे हे त्याचे रोजचे काम होते. त्या फेरीविषयी, ती रोज भरो वा न भरो चालू ठेवणाऱ्या हिशेबाविषयी, आणि अशा फेऱ्या बंद झाल्या तर त्या वाटेवर रोज नजर टाकण्याचे काम कोणाकडे जाईल ह्याविषयी एखाद्या तंत्रज्ञाने लिहिलेली गुजगोष्ट आमच्या वाचनात अजून आलेली नाही.